अनाथपिंडिकाच्या घरातील दोन स्त्रिया : सुजाता आणि पुण्णिका

बौद्ध विवाहसंस्कारात वराने पाच आणि वधूने पाच प्रतिज्ञा ग्रहण करावयाच्या असतात, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. या प्रतिज्ञांचा मूळ आधार दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त होय. परंतु काही वर्षांपूर्वी आम्ही एका मंगल परिणयास उपस्थित होतो, तेव्हा धम्मदेसना करणाऱ्या गृहस्थांनी त्या सुत्ताचा नामोल्लेखही न करता अंगुत्तरनिकायातील सुजातेची कथा सांगितली आणि वधूस उद्देशून, तूही सुजातेप्रमाणे दासीसमान भार्या हो, असा उपदेश केला. मंडपातील वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. वधू शाळेत शिक्षिका होती. तिच्या मुद्रेवर त्या वेळी कोणता भाव होता ते आम्हास सांगता येणार नाही, कारण आम्हीच खाली पाहत होतो.

देसना करणाऱ्यांनी कथा पदरची सांगितली नव्हती. ती सुत्तात आहे. त्यामुळे त्या गृहस्थांना दोष देऊन हा प्रश्न मिटत नाही. प्रश्न असा आहे की, स्त्रीच्या आज्ञाधारकतेचा गौरव करणारी आणि स्त्रीच्या स्वातंत्र्याचा उद्घोष करणारी, अशा दोन्ही प्रकारच्या कथा एकाच त्रिपिटकात का आढळतात, आणि इतिहासाचा अभ्यासक या नात्याने आपण त्यांचे वाचन कसे करावे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही श्रावस्तीतील एकच घर निवडले आहे. ते घर अनाथपिंडिक श्रेष्ठीचे. सुजाता ही त्या घराची सून आणि पुण्णिका ही त्याच घरातील पाणक्या दासी.

प्रथम सुजातेची कथा पाहू. अंगुत्तरनिकायाच्या सत्तक निपातात ती येते. तथागत भिक्षेसाठी अनाथपिंडिकाच्या घरी गेले असता आत मोठा कोलाहल चालला होता. कोळ्यांच्या वस्तीत मासे विकताना व्हावा तसा हा गोंगाट कशाचा, असे त्यांनी विचारले. श्रेष्ठीने सांगितले की, ही आमची सून सुजाता. धनवंताच्या घरून आलेली आहे. सासू-सासऱ्यांचे ऐकत नाही, पतीचे ऐकत नाही, प्रत्यक्ष भगवंतांचाही मान राखीत नाही. तथागतांनी तिला जवळ बोलाविले आणि भार्या सात प्रकारच्या असतात असे सांगून, तू त्यांपैकी कोणती, असा प्रश्न केला. वधिकेसारखी, चोरट्या स्त्रीसारखी व मालकिणीसारखी, या तीन प्रकारांची निंदा केली आहे. मातेसारखी, बहिणीसारखी, सखीसारखी व दासीसारखी, या चारांची प्रशंसा केली आहे. सर्व ऐकून घेतल्यावर सुजाता म्हणाली की, आजपासून आपण मला दासीसमान भार्या समजावे.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, सुत्ताच्या शब्दांप्रमाणे तथागतांनी सुजातेला दासी हो असे सांगितलेले नाही. त्यांनी तिच्यापुढे चार मार्ग ठेवले आणि निवड तिच्यावर सोपविली. माता, बहीण व सखी ही तीन नाती समोर असताना सुजातेने चौथे निवडले, किंबहुना संकलनकर्त्या भिक्षूंनी तिच्या मुखी चौथे घातले. मंडपातील देसनेत हा भेद पुसला गेला आणि निवडीची आज्ञा झाली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दासीसमान भार्येचे जे लक्षण सुत्तात दिले आहे त्याचा आशय असा की, दंडाचा धाक दाखविला तरी ती क्षुब्ध होत नाही, मनात रोष न धरता पतीचे सर्व सहन करते आणि त्याच्या इच्छेने वागते. दंड, म्हणजे मार. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण त्याच घराच्या मागील दारी आपणास तो पुन्हा भेटणार आहे.

पुण्णिकेच्या गाथा थेरीगाथेच्या सोळा गाथांच्या निपातात आहेत. त्या निपातात त्या एकट्याच आहेत. थेरीगाथेत एकूण त्र्याहत्तर थेरींची उद्गारकाव्ये संग्रहित झाली आहेत, आणि स्त्रियांच्या मुखातून आलेला इतका जुना धार्मिक काव्यसंग्रह जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. पुण्णिका आपली ओळख करून देते ती कुळाने नव्हे, कामाने. आपण पाणी भरणारी होतो. कडाक्याच्या थंडीतही आपणास सतत पाण्यात उतरावे लागे. मालकिणींच्या दंडाचे भय आणि त्यांच्या शिव्यांचे भय आपल्या मागे लागलेले असे, असे ती सांगते. त्याच पाण्यात तिला एक ब्राह्मण थंडीने कुडकुडत स्नान करताना दिसतो. ती त्याला विचारते की, मी भयाने पाण्यात उतरते, तू कोणाच्या भयाने उतरतोस? ब्राह्मण सांगतो की, वृद्ध असो वा तरुण, ज्याने पाप केले तो जलस्नानाने त्यातून मुक्त होतो. यावर त्या दासीने दिलेले उत्तर प्राचीन भारताच्या तर्कवादी परंपरेतील एक ठेवा मानावा लागेल. पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, पाणसर्प आणि मगरी सर्वच स्वर्गाला जातील. खाटीक, कोळी, पारधी, चोर आणि वध करणारे हेही स्नान करून सुटतील. आणि नदी जर पाप वाहून नेत असेल तर ती पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ उरेल काय? ब्राह्मण निरुत्तर होतो. आपले स्नानवस्त्र तो तिला देऊ करतो, ती ते नाकारते आणि दुःखाचे भय वाटत असेल तर पापकर्म करू नकोस, त्रिशरण व शील ग्रहण कर, असे त्याला सांगते.

पाणी पाप धूत नाही हे एकदा मान्य केले की, माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळत नाही हेही मान्य करावे लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याचा तर्क एका दासीने त्यापूर्वी दोन सहस्रकांहून अधिक काळ अगोदर मांडून ठेवला होता, हे आम्ही जाता जाता नमूद करतो.

आता दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवाव्यात. सुजातेच्या सुत्तात दंडाचा धाक निमूटपणे सोसणारी स्त्री आदर्श ठरते. पुण्णिकेच्या गाथेत त्याच दंडाचे भय हे दुःख म्हणून सांगितले जाते. सुत्त रचणाऱ्यांना दासी ही उपमा होती; तो शब्द ज्यांनी वापरला त्यांनी पहाटे बर्फासारख्या पाण्यात घागर बुडविलेली नव्हती. पुण्णिकेला दासीपण हे जीवन होते. तिच्या सबंध काव्यात दासीच्या सहनशीलतेची प्रशंसा करणारी एकही गाथा नाही. दासीपणाविषयी दासीची साक्ष आणि दासी ठेवणाऱ्या घरातील सुनेविषयीची कथा यांत विरोध येत असेल तर प्रमाण कोणाचे मानावे, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

अट्ठकथेत आलेली भर येथे सांगितली पाहिजे. ब्राह्मणाला निरुत्तर केल्यामुळे अनाथपिंडिक प्रसन्न झाला, त्याने पुण्णिकेला दास्यातून मुक्त केले आणि मग ती संघात प्रविष्ट झाली, अशी हकीकत भाष्यकारांनी दिली आहे. हकीकत सुंदर आहे. परंतु मूळ गाथांत श्रेष्ठीचे नावही नाही आणि त्याच्या कृपेचा उल्लेखही नाही. मूळ काव्यात पुण्णिका स्वतःच्या बुद्धीने उभी आहे. अट्ठकथेत तिला मुक्त करण्यासाठी एक धनी लागतो. एकाच प्रसंगाच्या दोन थरांतील हे अंतर काही शतकांचे आहे. थेरीगाथेवर भाष्य लिहिणारा धम्मपाल हा इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. अर्थात दासाला मुक्त केल्यावाचून त्याला संघप्रवेश नाही, असा विनयाचा नियम होता, हे ध्यानात घेतले तर भाष्यकाराला ही हकीकत आवश्यक का वाटली ते कळते. पण स्त्रीच्या पराक्रमाचे श्रेय पुरुषाच्या औदार्याकडे कसे सरकते, याचा हा नमुना आहे.

सुजातेच्या कथेचा प्रवास याहून बोलका आहे. चीनमध्ये ही कथा ‘यू-ये’ या नावाने प्रसिद्ध आहे आणि इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास तिची एकाहून अधिक भाषांतरे झाली. त्या पाठांत पाली सुत्तात मुळीच नसलेली भर दिसते. स्त्रीच्या ठिकाणी जन्मतः असणाऱ्या दहा दोषांची यादी तेथे आली आहे. आणि बालपणी मातापित्यांच्या, विवाहानंतर पतीच्या व वार्धक्यात मुलांच्या अधीन राहणे हे स्त्रीचे तीन अडथळे म्हणून सांगितले आहेत. मनुस्मृतीशी परिचय असणाऱ्या वाचकाला हे त्रैराशिक ओळखीचे वाटेल. कन्फ्यूशियसच्या परंपरेतही स्त्रीच्या तीन अधीनता सांगितलेल्या आहेत. कथा ज्या घरात शिरते त्या घराची रूढी ती अंगावर घेते. तथागतांच्या नावाने सांगितलेली गोष्ट श्रावस्तीहून निघाली आणि वाटेत मनूचा आणि कन्फ्यूशियसचा वेष धारण करून पुढे गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दासीसमान भार्या होण्याने काय प्राप्त होते, याचे उत्तरही त्रिपिटकातच आहे, आणि ते थेरी इसिदासीने दिले आहे. चाळीस गाथांच्या निपातात तिचे आत्मकथन येते. पाटलिपुत्र नगरात गंगेच्या वाळवंटात भोजनोत्तर बसली असता बोधी नावाची दुसरी भिक्षुणी तिला विचारते की, तू अजून तरुण व सुरूप आहेस, मग कोणता दोष पाहून प्रव्रजित झालीस? इसिदासी सांगते. ती उज्जयिनीच्या एका श्रेष्ठीची एकुलती, लाडकी मुलगी. साकेतच्या धनवान घरात तिला दिले. सकाळ-संध्याकाळ ती सासू-सासऱ्यांच्या पायांवर मस्तक ठेवी. पतीच्या बहिणी, भाऊ वा आप्त यांपैकी कोणीही आले तरी भीतभीत उठून आसन देई. पहाटे उठून, हातपाय धुऊन, हात जोडून पतीजवळ जाई. फणी, अंजन, आरसा घेऊन दासीप्रमाणे स्वतः त्याचा शृंगार करी. भात शिजवी, भांडी घाशी आणि माता एकुलत्या पुत्राची करील तशी पतीची सेवा करी. सुत्ताने सांगितलेली माता आणि दासी, दोन्ही रूपे तिने एकाच देहात पार पाडली होती. आणि पती काय म्हणाला? ती मला काही त्रास देत नाही, पण तिच्याबरोबर एका घरात मी राहणार नाही. सासू-सासऱ्यांनी त्याला समजाविले, सून शहाणी आहे, कष्टाळू आहे, आळशी नाही, असेही सांगितले. त्याने ऐकले नाही.

पुढे पित्याने तिला अर्ध्या शुल्कात दुसऱ्या घरी दिले. तेथे ती महिनाभर टिकली. तिसऱ्या खेपेस दारी आलेल्या एका भिक्षेकऱ्यालाच, चिंध्या आणि भांडे टाकून दे, असे सांगून जावई करून घेतले. पंधरवड्याने तो आपल्या चिंध्या व भिक्षापात्र परत मागू लागला. तेव्हा इसिदासीने ठरविले की, एक तर मरेन, नाही तर प्रव्रज्या घेईन. जिनदत्ता नावाची विद्वान भिक्षुणी घरी आली होती. पिता म्हणाला, पोरी, येथेच राहून धम्माचरण कर, श्रमणांना अन्नदान कर. ती रडत हात जोडून निघालीच. सात दिवसांत तिने तीन विद्या प्राप्त करून घेतल्या.

आज्ञाधारकतेच्या आदर्शावर याहून कठोर टीका प्राचीन वाङ्मयात आम्हास आढळलेली नाही. ही टीका आज्ञा मोडणाऱ्या स्त्रीने केलेली नाही. जिने प्रत्येक आज्ञा पाळली तिने केली आहे. तथापि या काव्याचा उत्तरार्ध आमच्यापुढे अडचण निर्माण करतो, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पतीने टाकण्याचे कारण म्हणून इसिदासी सात जन्मांची मालिका सांगते. एरकच्छ नगरात आपण पूर्वी सोनार होतो, परस्त्रीगमन केले, त्याचे फळ म्हणून वानर, बोकड, बैल अशा योनी भोगल्या, असे ती म्हणते. म्हणजे नवऱ्याचा अन्याय हा शेवटी तिच्याच खात्यावर मांडला जातो. हे काव्य थेरीगाथेतील उशिराच्या थरातले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्याचे वृत्त आणि पाटलिपुत्राला दिलेले पृथ्वीच्या भूषणाचे स्थान यांवरूनही ते पटते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने वर्तमान जन्म ठरतो हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे, असे ठामपणे प्रतिपादिले आहे. इसिदासीच्या गाथा वाचताना त्या प्रतिपादनाचे महत्त्व उमगते. पूर्वार्धातील अनुभव तिचा; उत्तरार्धातील स्पष्टीकरण तिला तिच्या काळाने पुरविले, असे आम्ही समजतो.

कथांचे थर असे वेगळे करणे ही मनमानी आहे, असा आक्षेप घेतला जाईल. पण ही पद्धत आम्ही शोधून काढलेली नाही. १९५१ साली ‘महाबोधि’ मासिकात बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती व अवनतीस जबाबदार कोण, या विषयावर जो लेख लिहिला, तो याच पद्धतीचा आहे. स्त्रियांच्या अवनतीचे खापर बुद्धावर फोडणाऱ्या एका लेखाला ते उत्तर होते. महापरिनिब्बान सुत्तात, स्त्रियांशी आम्ही कसे वागावे, या आनंदाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर बाबासाहेबांनी नंतरचे प्रक्षिप्त ठरविले. आणि त्यासाठी श्रद्धेचा नव्हे, साहित्याच्या इतिहासाचा आधार घेतला. त्रिपिटक लिपिबद्ध होण्यापूर्वी शेकडो वर्षे मुखोद्गत होते, त्याचे संकलन भिक्षूंनी केले, आणि विशाखा, आम्रपाली यांच्याशी तथागतांचे जे वर्तन इतरत्र दिसते त्याच्याशी हा संवाद जुळत नाही, हे त्यांचे मुद्दे होते. कन्या झाल्याने खिन्न झालेल्या पसेनदी राजाला, मुलगी मुलाहूनही श्रेष्ठ निघू शकते, असे तथागतांनी सांगितल्याचा दाखलाही त्यांनी दिला.

हीच कसोटी अष्ट गरुधम्मांच्या कथेस लावता येते. महाप्रजापती गोतमींनी आठ नियम मान्य केल्यावर त्यांना प्रव्रज्या मिळाली, अशी चुल्लवग्गातील कथा आहे. त्यांतील सहाव्या नियमाप्रमाणे उपसंपदेपूर्वी दोन वर्षांचे शिक्षण आवश्यक. पण भिक्षुणी विनयात, गर्भवती स्त्रीला उपसंपदा देऊ नये, हा नियम एका प्रत्यक्ष घटनेवरून झाल्याचे सांगितले आहे. दोन वर्षांचा नियम पहिल्या दिवसापासून असता तर अशी घटना घडलीच नसती. भद्दा कुंडलकेसा तर स्वतः सांगते की, गिज्झकूटावर तथागतांनी तिला नुसते ये म्हटले आणि तीच तिची उपसंपदा झाली. शिवाय त्याच चुल्लवग्गात पुढे गोतमी, वंदन ज्येष्ठतेप्रमाणे असावे, अशी मागणी आनंदामार्फत करतात. ती नाकारली गेली. तरीही आज्ञाधारकतेची मूळ कथा सांगणाऱ्या ग्रंथालाच गोतमींनी केलेला विरोध पुसता आला नाही, हे लक्षणीय आहे.

ग्रंथ भिक्षूंच्या हाती होते, पण शिलालेख सर्वस्वी त्यांच्या हाती नव्हते. रायगड जिल्ह्यातील कुडे लेण्यात प्रव्रजिता पदुमनिकेचा दानलेख आहे. लेणे आणि पाण्याची पोढी असे तिचे दान. ती आपली ओळख प्रव्रजिता नागनिकेची मुलगी अशी देते. दोन स्थविरांशी बहिणीकडून असलेले नातेही लेखात आहे. आणि दानात बोधी व असाळहमिता या आपल्या अंतेवासिनींना ती सहभागी करते. पित्याचे नाव नाही, पतीचे नाव नाही. माता, कन्या आणि शिष्या अशी ही परंपरा आहे. याउलट नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीसारखी राजमाता, जिच्या पुत्राचे नाव तिच्या नावावरून चालत होते, तीही राजर्षिवधू या शब्दाला शोभेल असे आपले आचरण असल्याचे नोंदविते. तीही बौद्ध संघालाच लेणे देत होती. एकाच काळात, एकाच प्रांतात स्त्रीची ही दोन चित्रे दगडावर कोरली गेली आहेत.

आणि सिगालोवाद? ज्या सुत्तावर आपल्या विवाहप्रतिज्ञा आधारलेल्या आहेत त्यात पत्नीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : कामाची नीट व्यवस्था, परिजनांचा सांभाळ, निष्ठा, मिळविलेल्या धनाचे रक्षण, दक्षता व उद्योगशीलता. त्यांत आज्ञापालन नाही. पतीच्या पाच कर्तव्यांत पत्नीचा सन्मान करणे, अवमान न करणे, निष्ठा, आणि घरातील सत्ता तिच्या हाती सोपविणे यांचा समावेश आहे. सुजातेच्या सुत्तात मालकिणीसारखी भार्या निंद्य ठरते; सिगालोवादात पतीनेच तिला मालकी द्यावी असे सांगितले जाते.

त्या विवाहानंतरच्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाच्या वेळी आम्ही पूज्य भंतेजींच्या अनुमतीने पुण्णिकेच्या गाथांचा अर्थ वाचून दाखविला. उपासिकांची उपस्थिती नेहमीप्रमाणे अधिक होती. बेडूक-कासवांच्या दृष्टान्तावर त्या मोकळेपणाने हसल्या. वाचन संपल्यावर, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी केलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले की, पुण्णिका संघात गेल्यावर त्या शेठजींच्या घरी पाणी कोण भरू लागले? अट्ठकथेत याचे उत्तर नाही, असे आम्ही सांगितले. मग सुजातेनेच भरले असेल, दासी व्हायचे तिने कबूल केले होते ना, असे त्या म्हणाल्या.